पायी पंधरा मिनिटे

पदविकेच्या शेवटी सहा आठवडे कुठल्यातरी कचेरीत काम करायचं आणि तिथल्या साहेबाच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं, असा आमच्या अभ्यासक्रमाचा नियम होता. प्रमाणपत्र नाही तर पदविका नाही. बरोबरच्या पोरांना वर्तमानपत्रं मिळाली, एकाला आकाशवाणी मिळाली, आणि माझ्या वाट्याला आला औरंगाबादेतल्या एका पर्यटन कचेरीचा जनसंपर्क विभाग. जनसंपर्क म्हणजे नेमकं काय, हे वर्षभर शिकूनही मला धड सांगता आलं नसतं. घरी सांगितलं की लोकांना आपल्याकडे बोलावण्याचं काम असतं. माय म्हणाली, मग त्याला शिकायला कशाला लागतं.

साहेब मात्र उत्साही माणूस. त्यांचं म्हणणं, वेरूळ-अजिंठ्याला लोक न बोलावता येतात, खरं काम आहे ते बाकीच्या मराठवाड्याचं. तुम्ही कुठले, असं त्यांनी विचारलं. हिंगोलीचा, असं मी म्हणालो आणि अडकलो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. लोक तिथे हळद विकायला येत, कोर्टाच्या तारखेला येत, एसटी बदलायला येत. नुसतं बघायला म्हणून आलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. साहेब म्हणाले, तेच तर. त्यांनी मला आठ पानांची पुस्तिका लिहायला सांगितली. पुस्तिका छापून झाली की सहा पत्रकारांना घेऊन सहल काढायची, आणि ती नीट पार पडली की माझ्या प्रमाणपत्रावर सही.

सहा आठवड्यांतले तीन मी हिंगोलीला घरी राहून काढले. आमचे बाबा रेल्वेत गँगमन. पूर्णेच्या बाजूचा रूळ रोज पायी तपासायचा, रुळाला धरणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या, हे त्यांचं काम. आयुष्य रुळांखालच्या, सारख्या अंतरावरच्या स्लीपरवर चालण्यात गेल्यामुळे त्यांचं पाऊल ठरून गेलेलं होतं. बाजारात चालतानाही ते लहानमोठं पडत नसे. त्यांना कुणी अमुक ठिकाण किती लांब म्हणून विचारलं तर ते तारेच्या खांबांत उत्तर देत. इथून विहारापर्यंत अकरा खांब. दवाखाना सत्तावीस. आम्ही भावंडं त्यावरून त्यांची थट्टा करायचो, आणि ते ती मनावर घेत नसत.

पुस्तिकेत दाखवायला एक तरी नवी जागा हवी होती, आणि ती मला सापडली. कनेरगाव नाक्यापासून आत एका गावात हेमाडपंती बारव, पायऱ्यांची दगडी विहीर, आहे. सात वर्षांचा असताना एका लग्नाला जाताना बैलगाडीतून मी ती पाहिली होती, तीही अर्ध्या झोपेत. तेवढ्या भांडवलावर मी एसटीने नाक्यावर उतरलो, हॉटेलात बाकड्यावर बसलो आणि बारव इथून किती लांब आहे, असं विचारलं. हॉटेलवाला भजी तळत होता. त्याने झारा त्या दिशेला केला आणि म्हणाला, हे काय, इथंच. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने सांगितलं की बिडी पेटवली की ती विझायच्या आत माणूस पोचतो. तिसरा म्हणाला, बिडी कशाला, बोलता बोलता. मी सगळ्यांची सरासरी काढली, वर थोडी सूट दिली आणि वहीत लिहिलं: नाक्यापासून पायी पंधरा मिनिटे. भजी गरम होती, ऊन चढत होतं, आणि परतीची गाडी दिसत होती.

त्या संध्याकाळी बाबांना मी मसुदा वाचून दाखवला. ते मन लावून ऐकत होते. पंधरा मिनिटांवर त्यांनी मला थांबवलं.

“तू चालून पाह्यलं काय?”

मी म्हणालो, चौघांना विचारलंय. (तिघांनाच विचारलं होतं.)

“इचारणं येगळं,” ते म्हणाले. “आईतवारी मला सुट्टी हाय. चाल, मोजून येऊ.”

मला हसू आलं. पुस्तिका सोमवारी छापखान्यात द्यायची होती, आणि खरं सांगायचं तर जनसंपर्क शिकलेल्या माणसाने पावलं मोजत हिंडणं मला कमीपणाचं वाटलं. मी वेळ नाही म्हणालो. पुस्तिका छापून आली तेव्हा मात्र तिची एक प्रत आठ दिवस बाबांच्या खाकी सदऱ्याच्या खिशात होती. गँगमधल्या प्रत्येकाने ती पाहिली, विहारात ती मोठ्याने वाचली गेली, आणि मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेल्या माझ्या नावावर तेलकट बोटाचा ठसा उमटला.

सहल निघाली ती मार्चच्या शेवटी. दोन जीप, सहा पत्रकार, साहेब आणि मी. पत्रकारांत पुण्याच्या एका साप्ताहिकाचे संपादक होते. अंगाने भरपूर, पायात चकचकीत बूट, आणि तोंड सतत चालू. नाक्यावर सगळ्यांनी भजी खाल्ली, छान झाली म्हणाले. पुढे नाल्यातल्या दगडांवरून जीप जाईना. साहेब घड्याळाकडे पाहून आनंदाने म्हणाले, हरकत नाही, पंधरा मिनिटांचाच तर रस्ता आहे.

पहिली पंधरा मिनिटं फार मजेत गेली. पुढची पंधराही बरी गेली. मग संपादकांनी बोलणं बंद केलं, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. समोरून लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी आली. किती राहिलं, असं विचारलं तर ती म्हणाली, आलंच की बाबा. एका मेंढपाळाने सांगितलं, त्या लिंबाच्या पल्याड. लिंबाच्या पल्याड दुसरा लिंब होता. तिथे एक बाई विहिरीवर कपडे धूत होती, तिनेही हात वर करून आलंच म्हणून सांगितलं. साहेब माझ्याकडे बघेनासे झाले. संपादकांना शेवटी एका हळद वाहणाऱ्या बैलगाडीवाल्याने उचलून घेतलं. ते पोत्यांवर मागे तोंड करून बसले आणि चालणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे दयेने बघत राहिले. पोचलो तेव्हा दोन तास व्हायला दहा मिनिटं कमी होती.

बारव सुंदर होती, हे मला सांगितलंच पाहिजे. काळ्या दगडाच्या पायऱ्या तीन बाजूंनी खाली उतरत होत्या, कोनाड्यांत पारवे होते, आणि खालच्या सावलीत उन्हाचा मागमूस नव्हता. गावातून ताक आलं, ज्वारीच्या भाकरी आल्या, ठेचा आला. सायकलीवरून मागोमाग नाक्याचा हॉटेलवालाही आला. पाव्हण्यांना बारव आवडली की नाही, ते त्याला बघायचं होतं. सगळे पायऱ्यांवर पसरले होते. साहेबांनी चामडी बॅग उघडून एक टंकलिखित कागद गुडघ्यावर ठेवला. ते माझं प्रमाणपत्र होतं. सहल संपल्यावर तिथल्या तिथे सही करून द्यायची, असा त्यांचा बेत असावा. पेन मात्र त्यांनी काढलं नव्हतं.

पंधरा मिनिटं कुणी सांगितली, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

माझ्याआधी हॉटेलवालाच पुढे झाला. “आमीच सांगितलं साहेब. लांब हाय म्हनलं असतं तं तुमी आले असते काय?”

संपादक ताकाचा पेला हातात धरून इतके हसले की पारवे उडाले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, तुम्ही स्वतः चालला होतात का?

हो म्हणणं अगदी सोपं होतं. हॉटेलवाल्याने तर तोहमत आधीच आपल्या अंगावर घेतली होती, आणि कागद समोर दिसत होता. पण मला बाबांचा आईतवार आठवला, आणि लाज वाटली. मी नाही म्हणालो. साहेबांनी प्रमाणपत्राची घडी घालून ते बॅगेत परत ठेवलं. मोजून या, म्हणाले, सगळ्या पुस्तिकांवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवा, मग बघू.

घरी मी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाबांनी ‘मी म्हणलो नव्हतो का’ असं एका शब्दानेही ऐकवलं नाही. रविवारी सकाळी त्यांनी डाव्या खिशात मूठ-दोन मूठ चिंचोके भरले आणि आम्ही नाक्यावर उतरलो. शंभर पावलं झाली की ते डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात टाकत. वाटेत बोलायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. त्यांच्यामागे चालताना मला ते पहिल्यांदाच कामावर दिसत होते. मान सरळ, नजर दहा हात पुढे, आणि पाऊल कुठेही चुकत नव्हतं. बारवेपाशी आम्ही उजवा खिसा मोकळा केला. पंच्याहत्तर चिंचोके. म्हणजे पाच किलोमीटरच्या वरच. डाव्या खिशात उरलेले त्यांनी पायरीवर ठेवून दिले.

मला वाटलं काम झालं. ते म्हणाले, एकदा मोजलेलं अर्धंच असतं. परत येताना तेच पंच्याहत्तर उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकत पुन्हा मोजायचं, बराबर नाक्यावर संपले तर खरं. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, चपलेचा अंगठा तुटला होता, आणि आता हुकूम वगैरे विसरून मी लेकरासारखा विचारता झालो, बाबा, अजून किती राहिलं?

त्यांनी उजव्या खिशात हात घातला. बोटांनी चाचपून पाहिलं. मग म्हणाले, “हे काय, आलंच.”

मी थांबलो. पुढे होऊन त्यांच्या खिशात हात घातला. चिंचोक्यांनी माझी मूठ भरली, तरी खाली उरलेच होते. मी ती मूठ त्यांच्यापुढे उघडली.

“पुस्तकासाठी इचारशील तं हे बराबर मोजून सांगतो,” ते म्हणाले. “थकून इचारलं तं काय सांगू?”

ते चालू लागले, आणि मी चिंचोके त्यांच्या खिशात परत टाकून मागे निघालो. मला वर्षापूर्वीचं स्टेशन आठवलं. मी औरंगाबादला शिकायला निघालो होतो, आणि मायने डब्याच्या खिडकीतून विचारलं होतं की ते गाव किती लांब आहे. पूर्णेला गाडी बदलायची, पुढे परभणी, पुढे जालना. बाबांना स्टेशनं आणि त्यांच्यामधली अंतरं तोंडपाठ होती. ते म्हणाले होते, हे काय, इथंच. मायने डोळे पुसले होते आणि मी निश्चिंत होऊन शेंगा खात बसलो होतो. मोजमाप माहीत असून बाजूला ठेवून त्यांनी सांगितलेलं ते पहिलंच अंतर असेल, असं मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

शेवटचा चिंचोका हॉटेलच्या बाकड्यापाशी डाव्या खिशात पडला. मी चिठ्ठ्या छापून घेतल्या, ‘नाक्यापासून पायी सव्वा तास’, आणि चार दिवस खळीने हात चिकट करून प्रत्येक पुस्तिकेवर लावल्या. साहेबांनी एक चिठ्ठी नखाने उचलून पाहिली, मग सही केली. संपादकांनी त्यांच्या साप्ताहिकात बारवेवर दोन ओळी आणि बैलगाडीवर दोन रकाने लिहिले.

त्या प्रमाणपत्रावर मला जूनमध्ये मुंबईला नोकरी लागली. स्टेशनवर पुन्हा आम्ही तिघंच. मायने विचारलं, मुंबई किती लांब असते. तिने बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी या वेळी माझ्याकडे. दीड दिवसाचा प्रवास होता आणि गाड्या दोनदा बदलायच्या होत्या.

“हे काय माय, इथंच,” मी म्हणालो.

माय हसली. बाबांनी मान वळवली आणि ते उगीच खिशात हात घालून काहीतरी चाचपत राहिले.