अठराव्या नावापुढचं शून्य

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, सकाळचे साडेनऊ. जमा रक्कम दोन हजार चाळीस डॉलर. हजर: मी, माझी बायको, सात पालक आणि अठरा मुलं. कॅनडातल्या रेजिना शहरात, एका शाळेच्या जिममध्ये, आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला जो सूचनाफलक आहे, त्यावर मी त्या दिवशी चार टाचण्यांनी एक कागद लावला. त्याबद्दल लिहायचं आहे.

आमची संस्था लहान आहे. विदर्भ-मराठवाड्यातून इकडे आलेली तीसेक बौद्ध कुटुंबं, बहुतेक नोकरदार. एप्रिलमध्ये जयंती, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन, उन्हाळ्यात एक पिकनिक, एवढेच आमचे कार्यक्रम. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणालं की आपली पोरं हिवाळाभर बेसमेंटमध्ये स्क्रीन बघत बसतात, त्यांना खो-खो शिकवू या. मी शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळलो होतो, म्हणून शिकवायचं माझ्याकडे आलं. आणि मी प्रांत सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात काम करतो, म्हणून हिशेबही माझ्याकडेच आला.

मुलांबरोबर काम करायचं तर इथे पोलिसांकडून दाखला आणावा लागतो, अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग करावं लागतं. दोन्ही केलं. जिमच्या फरशीला भोकं पाडता येत नाहीत, म्हणून जुन्या टायरांत काँक्रीट ओतून त्यात खांब उभे केले. गुडघ्यांसाठी पॅड आणले. हंगामाची फी प्रत्येकी एकशे वीस डॉलर ठरली. त्यात जिमचं भाडं, विमा आणि जर्सी. दुसऱ्या वर्षापासून आमच्या मुलांच्या वर्गातली मुलंही यायला लागली, पंजाबी, फिलिपिनो, दोन नायजेरियन. मला त्याचा अभिमान होता. ऑफिसातही मी सांगायचो.

ट्रेनिंगमध्ये शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला विचारलं होतं, तुम्ही हे काम का करता? मी माझ्या शाळेची गोष्ट सांगितली. सातवीत असताना दर महिन्याला कारकून हजेरीपट घेऊन वर्गात यायचा आणि म्हणायचा, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही सहा जण उभे राहायचो. तो बोटाने मोजायचा. कधी मोजणी चुकली तर पुन्हा मोजायचा, आणि आम्ही तोवर उभे. बाकीचा वर्ग बसून बघायचा. मैदानात मात्र कोणी उभं करायचं नाही, तिथे मी फक्त पळणारा मुलगा होतो. म्हणून मला मुलांना मैदान द्यायचं आहे, असं मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. ते सगळं खरं होतं, हेच आता जास्त लागतं.

सप्टेंबरमध्ये नोंदणीच्या दिवशी एक आई सगळे गेल्यावर माझ्या टेबलापाशी आली. अमरावतीकडची. नवरा दूर ब्रॅम्पटन शहरात ट्रक चालवायचा, तो वेगळा झाला. ती मुलीला घेऊन रेजिनाला आली होती, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं म्हणून. मुलगी बारा वर्षांची. मागच्या खुर्चीवर बसून बुटाच्या नाड्या उगाच सोडत-बांधत होती.

"जय भीम, भाऊ," आई म्हणाली. "पोट्टीले लई हौस आहे. पण या महिन्यात मले नाही जमत. पुढच्याही महिन्यात जमल का, सांगता येत नाही."

मी तिला सांगितलं की आमच्या नियमांत पूर्ण सवलतीची सोय आहे, एक फॉर्म भरा, पुरे.

तिने फॉर्म भरला. सही करताना पेन थांबवून विचारलं, "कोणाले समजणार तर नाही ना, भाऊ?"

"कोणाला नाही समजणार," मी म्हणालो. "तुम्ही काळजी करू नका, ताई."

हे मी दिलेलं वचन. साक्षीला फक्त ती आणि मी.

मुलगी काय आहे ते पहिल्याच शनिवारी कळलं. खांबाला हात टाकून ती अशी वळायची की पळणारा समोरून आपोआप तिच्या हातात यायचा. आणि तिचा खो. खो-खोत पाठलाग करणारा खेळाडू बसलेल्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने "खो" म्हणतो, मग बसलेला उठून पाठलाग करतो. बाकीची मुलं तोंडातल्या तोंडात म्हणायची. हिचा खो बाहेर पार्किंगपर्यंत ऐकू जायचा. शाळेचा केअरटेकर एकदा आत डोकावून बघून गेला होता, काय झालं म्हणून. शनिवारी आईची ड्युटी असायची, त्यामुळे जाता-येता आम्हीच तिला आमच्या गाडीतून आणायचो-सोडायचो. मागच्या सीटवर ती माझ्या बायकोशी सारखी बोलायची, अर्धं इंग्रजी, अर्धं वऱ्हाडी.

आता त्या कागदाबद्दल. लहानपणी आमच्या वस्तीत जयंतीची वर्गणी झाली की विहाराच्या भिंतीवर यादी लागायची. नाव आणि रक्कम. दोन रुपये दिलेल्याचंही नाव असायचं. माझे वडील ती यादी स्वतःच्या अक्षरात लिहायचे आणि म्हणायचे, भिंतीवर आहे तोवर कोणी पैसे खाल्ले म्हणू शकत नाही. इथे आमच्या संस्थेतही तीच पद्धत मी सुरू केली. त्यामुळे तिसऱ्या शनिवारी मी खो-खोची यादी लावली. अठरा नावं, पुढे रक्कम, पुढे पावती क्रमांक. सतरा नावांपुढे १२०. अठराव्या नावापुढे शून्य, आणि शेऱ्याच्या रकान्यात "सवलत". मराठीत आणि इंग्रजीत, सगळ्या पालकांना कळावं म्हणून.

मी विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी विसरलो नव्हतो. ते शून्य लिहिताना माझा हात थांबला होता. मग मनात आलं, मी कोणाला काही सांगत नाहीये, ही फक्त नोंद आहे. नोंद गाळली तर बेरीज जुळणार नाही. वडिलांच्या यादीत ज्याने दिले नाहीत त्याचं नावच नसायचं, हा फरक मला तेव्हा दिसला नाही. त्यांनी भिंतीवर देणारे लावले होते. मी सगळ्यांना लावलं.

पाणी प्यायच्या सुट्टीत मुलं फलकापाशी जमली, आपापलं नाव शोधायला. एका मुलाने विचारलं, "हाऊ कम यू आर फ्री?" दुसरा हसला. वाईट मुलं नव्हती ती. मुलीने खांदे उडवले आणि बाटलीचं झाकण लावत राहिली.

सुट्टीनंतर ती पाठलागाला उठली. बसलेल्या एका मुलाच्या मागे आली तेव्हा तो मान वळवून म्हणाला, "डोन्ट पिक मी, फ्री किड." मी चार फुटांवर उभा होतो. मला स्पष्ट ऐकू आलं. मी हातातल्या स्टॉपवॉचकडे बघितलं. आता थांबवलं तर विषय वाढेल, असं मी स्वतःला सांगितलं. डावाची एक मिनिट चाळीस सेकंद उरली होती, तेवढं लक्षात आहे.

तिने त्याला खो दिला, पण आवाज फुटला नाही. नियम असा आहे की खो ऐकू आलाच पाहिजे, नाहीतर फाउल. मी शिट्टी वाजवली.

"मोठ्याने बेटा," मी म्हणालो. "ऐकू आलं नाही."

तिने परत दिला. परत तसाच. मी परत शिट्टी वाजवली.

त्या दिवशी गाडीत ती बोलली नाही. घर जवळ आल्यावर मागून विचारलं, "काका, डू आय हॅव टू बी ऑन द लिस्ट?"

"सगळ्यांचीच नावं असतात बेटा," मी म्हणालो. "हिशेब आहे तो."

"ओके," ती म्हणाली, आणि उतरताना नेहमीसारखं थँक यू म्हणाली.

त्यानंतर ती तीन शनिवार आली. यादी तशीच होती. सहाव्या शनिवारपर्यंत मी तिला आणखी पाच फाउल दिले, स्कोअरशीटवर आहेत. नोव्हेंबरच्या मध्यावर बर्फ पडला, त्या सकाळी आम्ही तिच्या बिल्डिंगखाली थांबलो आणि ती आली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मी आईला फोन केला.

"ताई, तब्येत बरी आहे ना तिची?"

"तब्येत बरी आहे. पोट्टी म्हणते, जात नाही."

"काय झालं?"

ती म्हणाली, "भाऊ, तुमी म्हटलं होतं कोणाले समजणार नाही."

मी यादी, पद्धत, पारदर्शकता असं काहीतरी बोलायला लागलो. तिने मध्येच थांबवलं. "तुमचं बरोबर असल. मी अडाणी नाही, हिशेब मलेही समजते. पण तुमी मले सांगून लावली असती, तर मी फॉर्म भरला नसता. इकडून तिकडून करून पैसे आणले असते."

मी म्हणालो, मी माझ्या खिशातून तिची फी भरतो, यादी बदलतो, तिला पाठवा.

"म्हणजे आता तुमचे पैसे अन् माझ्या पोरीचं नाव," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "राहू द्या, भाऊ. ड्युटी आहे मले."

बायको बाजूला भाजी चिरत होती. फोन ठेवल्यावर तिने चाकू खाली ठेवला. "अहो, एक सांगा. यादी लावली नसती तर कोण खाणार होतं ते पैसे? तुम्हीच एकटे तर खजिनदार."

मी फोन चार्जिंगला लावला.

"आणि ती शाळेतली गोष्ट तुम्ही मला दहादा सांगितली आहे," ती म्हणाली. "कारकुनाचं नाव तुम्हाला अजून पाठ आहे."

पाठ आहे. तोही बिचारा काही वाईट माणूस नव्हता बहुतेक. त्याला मोजणी जुळवायची होती.

सोमवारी संध्याकाळी मी जिममध्ये जाऊन यादी काढली. समितीत ठराव मांडला की यापुढे फक्त एकूण रक्कम लावायची, नावं नाहीत. का, असं कोणी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. मुलीला एक पत्र लिहिलं, माफीचं, इंग्रजीत, दोनदा फाडून तिसऱ्यांदा. ते बायकोने नेऊन दिलं. उत्तर आलं नाही, आणि यावं अशी अपेक्षा धरायला मला जागा नव्हती. ज्या मुलाने "फ्री किड" म्हटलं होतं त्याला काय बोलावं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही. तो शब्द त्याने माझ्या कागदावरूनच घेतला होता.

हंगाम मार्चअखेर संपला. शेवटच्या शनिवारी मुलं गेल्यावर मी आणि बायको टायरांचे खांब भिंतीकडे ढकलत होतो. दार उघडलं आणि ती आई आत आली. वृद्धाश्रमाचा गणवेश, वर जाड कोट, बुटांना ओला बर्फ. दोन बस बदलून आली होती. मुलगी बरोबर नव्हती.

तिने पाकीट माझ्यापुढे धरलं. "मोजा."

"ताई, याची गरज नाही. ती हंगामभर खेळली पण नाही..."

"मोजा, भाऊ. तुमी मोजल्याशिवाय घेत नाही, मले माहीत आहे."

मी मोजले. वीसच्या सहा नोटा.

"पावती."

मी बॅगेतून पावतीपुस्तक काढलं, लिहिली, फाडून दिली. तिने ती नीट वाचली आणि घडी घालून आतल्या खिशात ठेवली. मग फलकाकडे बघितलं. "ती यादी कुठं आहे?"

"काढली मी. नोव्हेंबरमध्येच."

"शून्य होतं तेव्हा लावली होती ना? आता लावा."

यादी माझ्या फाइलमध्ये होती. मी कागद टाकत नाही. मी शून्यावर एक रेघ मारली, वर १२० लिहिलं, "सवलत" खोडलं, बाजूला सही केली, जशी दुरुस्ती करायची असते तशी, आणि चार टाचण्यांनी यादी परत फलकावर लावली. रिकाम्या जिममध्ये आम्ही तिघं उभे राहून ती बघत होतो. तिने फोन काढून फोटो घेतला. नीट आला नाही म्हणून अजून एक घेतला.

"कशी आहे ती?" माझ्या बायकोने विचारलं.

"शाळेत पळते आता, त्यांच्या टीममध्ये," ती म्हणाली. "तिथं सगळ्यांलेच फुकट आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगली पळते. तुमी खांबापाशी वळायचं शिकवलं, ते कामी येते म्हणते."

बायको म्हणाली गाडीतून सोडतो. ती नको म्हणाली, बसचं ट्रान्सफरचं तिकीट अजून चालतं.

हंगामाची एकूण जमा, दोन हजार एकशे साठ डॉलर. त्यातले शेवटचे एकशे वीस, पावती क्रमांक अठरा, त्या आईने संस्थेला दिले, रोख, माझ्या हातात. तिची मुलगी सहा शनिवार खेळली होती.