खालच्या फळीवरची पिल्लं

आमच्या विभागाचं प्राणिगृह तळघरात होतं आणि त्याची सगळी भिस्त मामांवर होती. मुलांनी त्यांना आधी ‘उंदीरमामा’ म्हणून चिडवलं, पुढे त्यातला उंदीर गळाला आणि मामा उरले. मी वरच्या कार्यालयात टायपिस्ट. दुपारचा चहा आम्ही माझ्या टेबलाशी घ्यायचो, म्हणून जे घडलं ते मी जवळून पाहिलं.

मामा नाकासमोर चालणारा माणूस. सव्वीस वर्षं पिंजरे धुतले, भुसा बदलला, पाण्याच्या बाटल्या भरल्या, आणि प्रयोग संपला की वायूच्या पेटीत उंदीर घालून झडप लावली. त्या पेटीचं प्रशिक्षण विभागात एकट्या त्यांनीच घेतलेलं होतं. ‘जीव तुटत नाही का हो?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘तुम्ही कागद फाडता तेव्हा तुटतो का? काम आहे.’

मग आमच्याकडे पीएच.डी.ला एक मुलगी आली. जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढायची, जेवताना लिहायची, म्हणून तिचं नाव पडलं घाई. तिचा प्रयोग असा: उंदरांची पिल्लं दोन दिवसांची झाली की पुढचे बारा दिवस रोज तीन तास आईपासून वेगळी ठेवायची. अशी पिल्लं मोठेपणी भित्री निघतात, हे आधीच माहीत होतं. घाईला पाहायचं होतं की एका औषधाने ती भीती कमी होते का. पिवळी चिठ्ठी लावलेल्या डब्यांतल्या पिल्लांना रोज औषधाचा थेंब, निळ्या चिठ्ठीच्या डब्यांतल्यांना नुसत्या पाण्याचा. डबे सरमिसळ ठेवावेत असं तिचं म्हणणं होतं. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख नि तिचे मार्गदर्शक, म्हणाले, ‘थेंबांचा घोळ होईल. पिवळे सगळे खालच्या फळीवर, निळे वरच्या.’ सरांपुढे कोण बोलणार?

पिल्लं वेगळी करायची, गरम गादीच्या डब्यात ठेवायची आणि तीन तास तिथंच बसून गादीच्या तापमानावर लक्ष ठेवायचं, हे काम मामांचं. गुडघे गेलेले, म्हणून ते स्टुलावर बसत.

प्रयोगाच्या पहिल्याच आठवड्यात घाईने एक यंत्र खाली नेलं. डब्यात आईविना पडलेल्या पिल्लांशी त्याचं टोक धरलं, बटण दाबलं, आणि यंत्रातून बारीक, तुटक, न थांबणारी चिरचिर बाहेर पडली.

‘हे काय?’ मामा म्हणाले.

‘पिल्लं आईला हाका मारतायत, मामा. त्यांचा आवाज इतका बारीक असतो की आपल्याला ऐकूच येत नाही. यंत्र तो जाड करून ऐकवतं.’

‘म्हणजे रोज ओरडतात?’

‘रोज. सगळीच.’

‘सव्वीस वर्षं?’ असं मामांनी विचारलं म्हणे. घाई हसली आणि यंत्र उचलून वर निघून आली. तिला वर्गावर जायचं होतं.

त्यानंतर मामा चहाला यायचे, पण बशीत ओतलेला चहा निवून जायचा तरी त्यांचं लक्ष नसायचं. मला वाटलं, गुडघे.

प्रयोग दोन वर्षं चालला. पिल्लं मोठी झाली की घाई त्यांना जमिनीपासून उंच लावलेल्या एका चौफुलीवर सोडायची. चौफुलीच्या दोन वाटांना भिंती, दोन उघड्या. भित्रा उंदीर भिंतीच्या आड चिकटून बसतो, धीट असेल तो उघड्यावर जातो. कुठला उंदीर पिवळा नि कुठला निळा, हे चाचणी घेताना तिला माहीत नसायचं. तिचं काम चोख होतं. आकडे जुळवले, तर निळे भित्रेच निघाले आणि पिवळे बेधडक उघड्या वाटेवर. शोधनिबंध छापून आला. सरांना दूरदूरहून बोलावणी येऊ लागली. घाईने पेढ्यासारखी ती बातमी प्रत्येकाच्या हातावर ठेवली. तळघरात जाऊन मामांनाही म्हणाली, ‘आता पुढची पायरी. लहान मुलांवर चाचणी. ज्यांची आई गेली, ज्यांना टाकून दिलं, अशी मुलं. त्यांना हे औषध देणार.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत टेकते न टेकते तोच मामा पुढ्यात.

‘बाई, मला एक जबाब लिहून द्या. माझं अक्षर धड नाही.’

‘कसला जबाब?’

‘औषधानं काही झालेलं नाही. ते मी केलं.’

मी दार लोटून घेतलं. ते उभ्याउभ्याच सांगू लागले. तो आवाज ऐकल्यापासून तीन तास नुसतं बसून राहणं त्यांना जमेना. मग ते डब्यात हात घालायचे. पिल्लं तळव्यावर घ्यायची, दुसऱ्या हाताने झाकायची, अंगठा पाठीवरून हळूहळू फिरवायचा. एक डबा झाला की दुसरा.

‘सगळ्यांना?’

‘खालच्या फळीवरच्यांना. वरच्या फळीला उभं राहावं लागतं. गुडघे…’

‘अहो, पण कशाला केलंत असं?’

‘ते लिहू नका,’ एवढंच म्हणाले.

ते मला पुढे मामींकडून कळलं. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांना मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आत. नऊ दिवस ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. आत हात घालायला मनाई होती, आणि मामांनी ती मोडली नाही. दहाव्या दिवशी पेटी रिकामी झाली.

मी जबाब टाइप केला, मामांनी सही केली. सरांनी तो उभ्याने वाचला, मग घाईला बोलावलं. मी कागद घेऊन तिथंच होते.

‘ह्या कागदाला काही अर्थ नाही,’ सर म्हणाले. ‘म्हातारा भ्रमिष्ट झालाय. हे इथंच मिटवायचं.’

घाईने जबाब दोनदा वाचला. तिला घाई नव्हती असा तो एकच दिवस मी पाहिला.

‘सर, उंदराच्या पिल्लांना नुसतं हाताळलं तरी ती धीट होतात. हे आपल्याच पुस्तकात आहे.’

‘तुझी तीन वर्षं आहेत यात.’

‘मुलांना औषध देणार आहोत आपण. पुन्हा करून बघू. माणूस दुसरा, डबे सरमिसळ. मी वर लेखी कळवणारच आहे.’

सरांचा नाइलाज झाला. मामांना तळघरातून काढून काचसामान धुवायला लावलं. नवा माणूस आला. नवी पिल्लं जन्मली, तीही रोज तीन तास वेगळी ठेवली गेली, आणि या वेळी त्यांना कुणीही हात लावला नाही. धुण्याची खोली नेमकी प्राणिगृहाच्या भिंतीला लागून. पिल्लांचा आवाज कुणालाच ऐकू येणारा नव्हता, तरी मामा दुपारी नळ पूर्ण सोडून ठेवायचे. ‘पाणी वाया जातं,’ म्हणून मी टोकलं, तर म्हणाले, ‘जाऊ द्या.’ मग हात पुसत म्हणाले, ‘बाई, मी गप्प बसलो असतो तर ही पिल्लं यातून सुटली असती.’

‘आणि ती मुलं?’

ते पुढची बाटली घासायला लागले.

चार महिन्यांनी आकडे आले. पिवळे, निळे, सगळे सारखेच भित्रे. औषधाचा काडीचा उपयोग नव्हता. छापलेला शोधनिबंध मागे घेतला गेला, मुलांवरची चाचणी रद्द झाली. प्रयोगातले दोनशे बारा उंदीर आता कुणाच्याच कामाचे नव्हते. नव्या माणसाला पेटीचं प्रशिक्षण नव्हतं. सरांनी मामांना निरोप धाडला.

मामांनी ते काम तीन दिवसांत उरकलं. एकेक उंदीर बाहेर काढला, पेटीत ठेवला. त्यांत पहिल्या प्रयोगातले पिवळ्या चिठ्ठीवाले अजून तीसएक होते. पिंजऱ्याचं दार उघडलं की बाकीचे कोपऱ्यात दबत, हे मात्र आपणहून हातावर चढत, असं नवा माणूस सांगत होता. तिसऱ्या दिवशी मामा वर आले तेव्हा हात साबणाने धुऊन धुऊन लाल झालेले. चहा नको म्हणाले.

घाईची शिष्यवृत्ती संपली. सरांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली नाही. ती पुस्तकांची खोकी उचलत होती तेव्हा मामा जिन्याशी येऊन उभे राहिले.

‘पोरी, तुझं वाटोळं केलं मी.’

तिने खोकं खाली ठेवलं. ‘मामा, मी रागावले नाही असं म्हणायचं ठरवलं होतं. पण ते खोटं होईल. मला तुमचं तोंड बघवत नाही. आणि तुम्ही बोलला नसतात, तर पुढे मलाच माझं तोंड बघवलं नसतं.’

‘रागव,’ मामा म्हणाले. ‘हक्क आहे तुझा.’

तिने खोकं उचललं आणि निघाली. सध्या ती एका शाळेत विज्ञान शिकवते, असं ऐकलं. पुन्हा संशोधनाकडे वळली नाही.

मामांनी उरलेले अकरा महिने बाटल्या धुतल्या. निरोप समारंभ झाला. सर आले नाहीत. कुणीतरी मामांना ‘दोन शब्द बोला’ म्हटलं. ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि परत खाली बसले. मामींनी त्यांच्या दंडाला धरलं, दोघं सावकाश बाहेर पडली. मी आत येऊन त्यांच्या हजेरीपटावर शेवटची रेघ ओढली.