माहेरच्या पिंजऱ्यातला पांढरा

लावेकाकूंच्या घरात माणसं कमी आणि पक्षी उदंड. मागच्या खोलीत भिंतभर पिंजरे, त्यांत लावे. कुणी विचारलं, "एकट्या राहता, भीती नाही वाटत?" तर म्हणायच्या, "मला कसली? उलट ते नरच मला घाबरून असतात."

लाव्याचा नर मुठीत मावेल एवढा, पण तोरा फौजदाराचा. सारखा मादीच्या अंगावर चढणार, डोक्याची पिसं उपटणार. नर जास्त झाले की माद्यांना श्वास घ्यायला सवड नाही. म्हणून चार-पाच माद्यांमागे एकच नर ठेवायचा, दांडगट निघाला तर त्याला एकट्याला कोंडायचं, हा काकूंचा नियम. आणि जिची मान सोलली, तिची रवानगी कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात. तिथे मिणमिणता लाल दिवा आणि लपायला उलटी खोकी. त्या पिंजऱ्याला काकू 'माहेर' म्हणत. "पिसं येईपर्यंत बस गं बाई, इथे कुणी न्यायला येत नाही."

एक दिवस लेक आली ती न कळवता, डोक्याला रुमाल बांधून. "कोंडा झालाय, औषध लावलंय," म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. पाठोपाठ जावई हजर. मान खाली, आवाज बसलेला, कपाळावर ओरखडा.

"आई, चुकलं असेल तर माझंच. चार दिवस राहू का?"

काकूंना गलबलून आलं. त्याला चहा दिला, लेकीच्याच खोलीत गादी घातली. लेकीने आपलं अंथरूण भिंतीकडे ओढून घेतलं.

तेव्हापासून माहेरात काहीतरी बिघडलं. सकाळी जाळीखाली पांढरी-करडी पिसं, कुणाच्या ना कुणाच्या मानेवर ताजं रक्त. कडी लागलेली, जाळी शाबूत, उंदराचं बीळही सापडेना. काकू आत गेल्या की साऱ्या माद्या एका कोपऱ्यात दाटून बसायच्या, कुणी चकार शब्द काढत नसे. एकदा भरदुपारी भाजी चिरताना त्यांना तिकडून नराचं ओरडणं ऐकू आलं, गळा दाबून कुणी हसावं तसं. त्या धावत गेल्या. शांत. फक्त लाल दिवा हलत होता.

लेक दारात येऊन उभी होती. हळूच म्हणाली, "आई, आत कुणीतरी आहे."

"अगं, सगळ्या बायकाच आहेत."

"प्रत्येकीला नीट बघून घातलंस?"

"मग? पत्रिका जुळवायच्या राहिल्या फक्त!"

लेक हसली नाही. तिच्या रुमालाच्या कडेला तपकिरी डाग होता. औषधाचा असेल, काकूंनी स्वतःला सांगितलं.

पण मग त्यांनी एकेक पक्षी हातात घेतला. शेवटी राहिला पांढरा. इतर लाव्यांत छातीच्या रंगावरून नर कळतो, पांढऱ्यांत कळत नाही. जावई आला त्याच दिवशी याचं डोकं सोललेलं पाहून त्यांना कीव आली होती, आणि न तपासताच त्यांनी याला आत सोडलं होतं. जोरकस नर दुबळ्या नरालाही टोचतात, हे ठाऊक असून. त्यांनी शेपटीखालचा फुगवटा दाबला. साबणासारखा फेस आला. नर.

मागे शीळ वाजली. जावई दारात होता, लेकीच्या अगदी पाठीशी. "काय झालं, आई?"

पिंजरे चिडीचूप. लेकीने रुमाल मानेवर ओढून घेतला.

काकूंनी त्याच्या कपाळावरचा ओरखडा आज नीट पाहिला. नखांचा होता. कुणीतरी जीव सोडवायला मारलेला.

"जावईबापू, बॅग भरा."

"अहो, तुम्हीच तर राहा म्हणालात."

"मीच म्हणाले. आता मीच सांगते, निघा."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. बारीक हसला. लेकीला म्हणाला, "चल."

काकू दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. मुठीतला पांढरा त्यांचं बोट टोचत होता, पण त्यांनी मूठ सैल केली नाही. "ती येणार नाही."

फाटक वाजलं. काकूंनी पांढऱ्याला एकट्याच्या पिंजऱ्यात टाकलं आणि कडीला वर तार गुंडाळली.

पांढरा दुपारभर ओरडत राहिला. प्रत्येक हाकेला लेक दचकून फाटकाकडे बघायची. ऊन उतरलं तेव्हा तिने रुमाल सोडला आणि आईपुढे पाठ करून बसली. काकूंनी तेलाची बाटली आणली. मानेवरचे केस मुळापासून गेले होते.

आत, माहेरात, एक मादी बारीक आवाजात बोलली. मग दुसरी.