सुकटीचा रिवाज

युरोपातल्या कुठल्याशा घरात एक वही असेल, आणि तीत आमच्या गावाचा एक रिवाज लिहिलेला असेल. आषाढात घरी आलेल्या पाहुण्याने रोज सुकट खायची. नाही खाल्ली तर घरच्या बाईला उपास घडतो. असा रिवाज भिवंडीतच काय, उभ्या ठाणे जिल्ह्यात कुठे नाही. तो मी रचला. तेव्हा मी आठवीत होते.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं घर टेमघरला. तेव्हा तिथे भातशेती होती, आणि बांधावर उभं राहिलं की भिवंडीच्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट ऐकू यायची. बाबा शेती सांभाळून एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. एकदा माझ्या शाळेचे हेडमास्तर त्यांना म्हणाले, परदेशातली एक शिकणारी मुलगी महिनाभर गावातल्या घरी राहायला यायची आहे, पण घरात कुणाला तरी इंग्रजी आलं पाहिजे. बाबांनी मागचापुढचा विचार केला नाही. म्हणाले, "मास्तर, माज्या घरी धाडा. माजी पोरगी इंग्लिश फाडफाड बोलते."

तोवर मी इंग्रजीत 'प्रेझेंट सर' आणि पाठ केलेला एक निबंध, एवढंच बोलले होते.

घरी आल्यावर बाबांनी मला ओटीवर बोलावलं. आठवीनंतर माझी शाळा बंद करायची हे घरात ठरल्यासारखंच होतं. ते म्हणाले, "ही बाय महिनाभर खुशीत ऱ्हायली आनि खुशीत गेली, तर तू मॅट्रिकपर्यंत शीक. तिनं तोंड वाकडं केलं, तर तुजं इंग्लिश काय कामाचं न्हाय असं मी समजंन." आई दारात तांदूळ पाखडत होती. तिने सगळं ऐकलं आणि सूप उचलून आत गेली.

पाहुणी आली ती माझ्यापेक्षा हातभर उंच. वीसएक वर्षांची, केस वाळलेल्या पेंढ्याच्या रंगाचे. देश थंड, भाषा तिचीही वेगळीच. इंग्रजी तीसुद्धा शाळेतच शिकली होती आणि सावकाश बोलायची. माझा जीव भांड्यात पडला. दोघींचं इंग्रजी उसनं, त्यामुळे एकमेकींचं कळायचं.

तिच्याकडे एक छापील पुस्तिका होती. परक्या घरी पाहुण्याने कसं वागावं याची. मला त्या पुस्तिकेचं इतकं नवल वाटलं की पहिल्याच दुपारी मी ती तिच्याकडून वाचून घेतली. वाढलेलं अन्न नाकारू नका. घरच्या कामात हात लावा. कशालाही हात लावण्याआधी विचारा. न विचारता फोटो काढू नका. माझ्या मनात आलं, पाहुणा व्हायलासुद्धा या लोकांना पुस्तक लागतं? मग लक्षात आलं, आमचेही नियम होते, फक्त कुणी छापले नव्हते. पाहुण्याने कामाला हात लावायचा नाही. पाहुण्याच्या आधी घरच्या बाईने जेवायचं नाही. पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. म्हणजे तिचं पुस्तक तिला काम करायला सांगत होतं, आणि आमचं पुस्तक तिला पाटावरून उठू देत नव्हतं.

दोन्हींच्या मध्ये मी. ती "इथे बसू का?" असं विचारायची आणि आई मला म्हणायची, "घर तिचंच हाय, इचारते काय सारकी? रागावलीय काय?"

पहिल्या रात्री आईने तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी वाढली. सुकट म्हणजे वाळवलेला बारीक जवळा. पावसाळ्यात होड्या खाडीत जात नाहीत, ताजी मासळी मिळत नाही, म्हणून आई उन्हाळ्यातच सुकट घेऊन पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची. तो डबा श्रावण लागेपर्यंत पुरवायचा; श्रावणात आमच्याकडे मासळी शिजत नाही. आम्हा सगळ्यांत सुकटीचं वेड आईलाच जास्त. चिमूटभर असली तरी तिची दोन भाकऱ्यांची सोय व्हायची.

पाहुणीने घास तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले. तो घास तिने पाण्याबरोबर गिळला. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, तुझ्या आईला सांग, मी फार आभारी आहे, पण मला हे खाता येणार नाही. तिला वाईट वाटणार नाही असं कसं सांगायचं ते तूच ठरव.

मी ठरवलं. समोर बाबा जेवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला होता. आई चुलीपाशी उभी होती.

"काय बोलते ती?" आईने विचारलं.

"बोलते, लय चांगली लागते. रोज करा."

'रोज करा' कुठून आलं ते मला आजही कळलेलं नाही. खोटं बोलायला लागलं की माझी जीभ सैल सुटते, एवढंच. बाबा खूश झाले. आईने पाहुणीच्या ताटात आणखी एक डाव वाढला. पाहुणी माझ्याकडे बघत राहिली. आता तिलाही काहीतरी सांगणं भाग होतं. मी सांगितलं, की आमच्याकडे या महिन्यात पाहुण्याने हे रोज खायचं असतं, रिवाज आहे, नाहीतर आईला उपास करावा लागतो. तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. तिने ताट संपवलं. जेवण झाल्यावर वही काढून तिने काहीतरी लिहिलं आणि विचारलं, हा रिवाज किती जुना?

"खूप जुना," मी म्हणाले.

मग रोजच सुकट. कधी चटणी, कधी कांद्यावर परतलेली, कधी वांग्यात. पाहुणी ताटाशेजारी पाण्याचा मोठा तांब्या घेऊन बसायची आणि औषध घ्यावं तशी ती संपवायची. डबा खाली जात चालला तशी आमच्या ताटात डाळ पातळ झाली, टाकळ्याची भाजी वाढली. आई सगळ्यांच्या मागून जेवायची. एकदा पाणी प्यायला आत गेले तर ती मीठ आणि हिरवी मिरची लावून भाकरी खात होती. मला बघून म्हणाली, "पोट जड हाय आज." मी पाणी पिऊन बाहेर आले. खरं सांगते, मला लाज वाटली, पण मॅट्रिकपुढे ती टिकली नाही.

बाकी दिवस मजेत जात होते. पाहुणीला प्रत्येक गोष्टीचं कुतूहल, आणि मला पाहुणीचं. ती केस किती वेळ विंचरते, झोपण्याआधी मोजे का घालते, घरच्यांना पत्रात आमच्याबद्दल काय लिहिते. तिला वाटे, लूमच्या आवाजात या लोकांना झोप कशी लागते. मी सांगितलं, लाइट जाऊन लूम थांबले की आम्ही जागे होतो. हे मात्र खरं होतं. तिने तेही लिहून घेतलं.

आवणी सुरू झाली, म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायचं काम. पाहुणीला तिच्या पुस्तिकेतला कामाचा नियम पाळायचा होता. आई हटून बसली. "पाव्हनीला चिखलात घातली तर लोकं माज्या तोंडात शेण घालतील." हे वाक्य इंग्रजीत कसं करायचं या विचारात मी शाळेत गेले आणि तो दिवस तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. शेतावर पोचले तर पाहुणी गुडघाभर चिखलात, आईचं जुनं लुगडं कमरेला खोचलेलं, आणि आईच्या शेजारी वाकून रोपं लावतेय. तिची ओळ वाकडी जायची. आई तिचं मनगट धरून रोप सरळ करायची, दोघी हसायच्या. मध्ये मी नाहीच.

मला राग आला. माझी नोकरीच गेल्यासारखं वाटलं.

दुपारी बांधावर आईने फडकं सोडलं. भाकऱ्या, टाकळ्याची भाजी आणि पाहुणीसाठी आणलेली सुकट. पाहुणीने सवयीने सुकटीकडे हात नेला. आईने तो हात हळूच बाजूला केला, भाजी तिच्या भाकरीवर घातली, आणि सुकटीची चिमूट उचलून स्वतःच्या तोंडात टाकली. किती दिवसांनी! तिने डोळे मिटले होते. पाहुणीने त्या दुपारी टाकळ्याबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या.

मग माझ्याकडे सरळ बघत तिने विचारलं, "आता आईला उपास करावा लागणार नाही?"

"शेतात चालतं," मी म्हणाले. "रिवाज फक्त घरातला आहे."

मग चिखलाचे हात पुसून तिने तेही वहीत लिहिलं.

आईला कळलंय, हे मला तेव्हाच उमगलं. मला वाटलं, आता संध्याकाळी ती बाबांच्या कानावर घालणार. पण संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले, जेवायला बसले, आणि आईने पाहुणीच्या ताटात पुन्हा सुकट वाढली. पाहुणीने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तांब्या जवळ ओढून खायला लागली. या दोघींचं काय चाललंय ते मला समजेना, आणि विचारायची छाती होईना.

महिना संपला. पाहुणीला न्यायला हेडमास्तर आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्या दिवशी माझी गरजच नव्हती. हेडमास्तरांचं इंग्रजी खरं होतं. ते विचारतील ते ती सांगेल, ती सांगेल ते ते बाबांना जसंच्या तसं सांगतील.

"मास्तर, तिला इचारा," बाबा म्हणाले, "आमची सुकट कशी लागली. रोज मागून खायची."

हेडमास्तरांनी विचारलं. पाहुणीने आधी आईकडे पाहिलं. आईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती चुलीपाशी तशीच उभी होती, पहिल्या रात्रीसारखी. मग पाहुणी सावकाश बोलली. हेडमास्तर हसून म्हणाले, "म्हणते, रोज खाल्ली. तुमच्याकडे आषाढात पाहुण्याने खायचीच असते ना. आणि म्हणते, या मुलीने सगळं समजावून सांगितलं म्हणून मला या घराच्या रीतीप्रमाणे राहता आलं."

बाबांची छाती फुगली. असा रिवाज नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण स्तुती ऐकताना कोण अडवतं? "अगं, उरलेली सगळी बांधून दे तिला," ते आईला म्हणाले. आईने डबा खरवडून शेवटची सुकट वर्तमानपत्राच्या पुडीत बांधली. पाहुणीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि प्रसाद घ्यावा तशी कपाळाला लावली. मग बॅग आणायला आत गेली, बाहेर येऊन आईच्या पाया पडली, मला घट्ट मिठी मारली आणि हेडमास्तरांबरोबर निघाली. बाबा चपला घालता घालता मला म्हणाले, "मॅट्रिकपर्यंत शीक. शब्द दिलाय." आणि शिफ्टला गेले.

आईने रिकामा डबा धुवायला काढला. झाकण उघडलं, तर आत ती पुडी.

आईने पुडी उचलली आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "उद्या श्रावन लागतो," ती म्हणाली. "आजच करून टाकू." मी कांदा चिरायला बसले.

"आई, तिला आवडत नाही हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिशी. डोलं बघितलं ना मी तिचं."

"मग रोज का वाढलीस?"

आई तवा हलवत राहिली. "मी थांबले असते तर तुज्या बाबांनी इचारलं असतं, का गं. मंग तुजं खोटं उघडं पडलं असतं. आनि तुजी शाला?"

महिनाभर ती मिरचीशी भाकरी खात होती ते मला आठवलं. कांद्याचं निमित्त होतं, म्हणून मी रडून घेतलं.

त्या संध्याकाळी मी आईला आमच्या सगळ्यांच्या आधी बसवलं. ती "नको गं" म्हणत होती, पण मी ऐकलं नाही. तिला पाट दिला, ताट मांडलं, तव्यातली सगळी सुकट तिच्या भाकरीवर वाढली. तिने पहिला घास घेतला.

"कशी झालीय?" मी विचारलं.

आईने घास संपवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लय चांगली लागते. रोज करा."