पूजेतला दोर

डोंगरात गेलेला माणूस आमच्याकडे कधी नुसता मरत नाही. तो सह्याद्रीच्या कुशीत विसावतो, निसर्गाशी एकरूप होतो. माझा नवरा मेला तेव्हा संगमनेरच्या बसस्टँडजवळ बॅनर लागला होता, ‘कड्यांनी आपला सखा बोलावून घेतला’. वर त्याचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली शोकाकुलांचे त्याच्याहून मोठे फोटो. कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर येईपर्यंत तो तिथं होता. मी शाळेत मराठी शिकवते, अलंकार मला कळतात. पण कड्यानं कुणाला बोलावलं वगैरे नव्हतं. दोराच्या टोकाला गाठ मारायची राहिली होती.

हे मला दहाव्याला कळलं. त्या दिवशी सुळक्यावर त्याच्याबरोबर असलेला एक मित्र नदीच्या घाटावर माझ्यापुढं ओक्साबोक्शी रडायला लागला. “वहिनी, गाठ मारायची राहिली हो,” म्हणाला. लगेच दुसऱ्यानं त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. त्यानंतर त्या मंडळींच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही.

मी मात्र विचारून विचारून समजून घेतलं. सुळक्यावरून उतरताना दोर वरच्या कडीतून निम्म्यावर ओवतात आणि दोन्ही टोकं खाली सोडतात. माणूस कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या खिट्टीतून ते दोन्ही पदर घेऊन सरकत खाली येतो. एखादं टोक आखूड सुटलं असलं तर ते खिट्टीतून निसटतं, आणि मग माणूस आणि दोर दोघंही खाली जातात. म्हणून टोकांना गाठी मारायच्या. गाठ असली की ती खिट्टीला अडकते, माणूस लोंबकळतो, शिव्या घालतो आणि जगतो. एवढंच शास्त्र आहे. चौथीतल्या पोराला कळेल.

माझ्या नवऱ्याला गाठींचा तिटकारा होता. “कपारीत अडकते गं, मग दोर ओढताना वैताग येतो,” असं तो एकदा दुसऱ्याच कुठल्यातरी चढाईवरून आल्यावर म्हणाला होता. घरी तरी काय वेगळं होतं? पिठाच्या पिशवीचं तोंड उघडं, पायजम्याची नाडी कायम आत गेलेली, बुटांच्या नाड्या लोंबत. डेअरीतली नोकरी सांभाळून दर रविवारी अकोले तालुक्यातल्या डोंगरात पळायचा, आणि जाताना त्याच्या डब्याचं फडकं मी बांधायचे. दुरून डोंगर साजरे ही म्हण त्यानं ऐकली नसावी. मी ऐकवली होती, पण बायकोच्या म्हणी कोण ऐकतो!

तर त्या दिवशी तो पहिला उतरला आणि दोर त्याच्याबरोबर खाली आला. वर अडकलेल्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिर्यारोहण मंडळाच्या लोकांनी काढलं. त्याच्या मंडळाच्या लोकांनी पुढं काय केलं असेल? शहाण्या माणसानं दोराच्या टोकाला गाठ मारायचा नियम केला असता. यांनी दोराला देव केलं.

मंडळाचे अध्यक्ष हार्डवेअरचे व्यापारी. दुकानाच्या माडीवर मंडळाची खोली आहे. तिथं काचेच्या कपाटात तो दोर वेटोळं करून ठेवला. खंडेनवमीला सगळे जण आपापली हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर पुजतो, ड्रायव्हर टेम्पोला हार घालतो, तसं हे लोक आपले हूक, हातोडे आणि हेल्मेटं चौरंगावर मांडतात. मधोमध तो दोर. त्याच्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळाचं पाणी, निरांजनाचं तेल. मग आरती. मग सामोसे.

पहिल्या वर्षी मला बोलावलं ते ‘वीरपत्नी’ म्हणून. माझा नवरा सीमेवर गेला नव्हता, सुट्टीवर गेला होता. अध्यक्षांनी शाल देऊन माझी ओटी भरायला सांगितलं, तेव्हा त्यांची बायको कुंकवाचा करंडा हातात घेऊन घुटमळली. लावावं की न लावावं? मीच बोट बुडवून लावून घेतलं आणि सामोसा खाल्ला.

पूजेनंतर तो दोर मानानं आमच्या घरी यायचा. दसरा झाला की पुढच्या रविवारी त्याच सुळक्यावर ‘स्मृतिचढाई’ असायची, तोवर तो आमच्या दिवाणखान्यात. चढाईला मी कधी गेले नाही. भगवा लावतात, घोषणा देतात, हल्ली ड्रोनही उडवतात, हे मोबाईलवर बघायचे. दोर वापरत नसत, नुसता सुळक्याखाली पाटावर ठेवत, तेवढं बरं होतं.

गेल्या खंडेनवमीला अध्यक्षांनी आरती संपल्यावर घसा खाकरला. माझी मुलगी तेव्हा नुकतीच इंजिनिअरिंगला गेली होती. बाप गेला तेव्हा ती पाचवीत होती. दोन वर्षांपासून मंडळाबरोबर डोंगरात जाते. मी अडवलं नाही, कारण अडवून उपयोग होत नाही हे मी एकदा शिकले आहे. अध्यक्ष म्हणाले, “यंदा आपली लेक सुळका चढेल, आणि बाबांच्या याच दोरानं उतरेल!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी डोळे पुसले. माझ्या मुलीनं दोराला हात लावून नमस्कार केला.

इतक्या वर्षांचा दोर. एवढ्या उंचीवरून पडलेला. ऊन खाल्लेला, दरसाल तेल, कापूर आणि नारळपाणी प्यालेला. दुकानातला दोर जुना झाला तर हेच अध्यक्ष गिऱ्हाइकाला देणार नाहीत. पण हा दोर पवित्र! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते यांच्याचसाठी. एकाचा जीव गेला, यांची हौस गेली नाही.

घरी आल्यावर मी मुलीला म्हटलं, “नवीन दोरानं उतर.”

“आई, सगळ्यांसमोर हो म्हणलेय मी.”

“मग सगळ्यांसमोर नाही म्हण.”

“तू बाबांचं काहीच मानत नाहीस ना?”

“तुझ्या बाबांना मानते. दोराला नाही मानत.”

ती खोलीत गेली आणि दार आपटलं. बापाचीच लेक. मी खूप वेळ त्या दोरासमोर बसले. इतकी वर्षं त्याला कधी हात लावला नव्हता. उचलला तर आतून कडक लागला, आणि कुंकू बोटांना चिकटलं. मला नवऱ्याची आठवण येईल असं वाटलं होतं. आली ती चीड. हा दोर शाबूत घरी आला आणि तो नाही आला, आणि आरती ओवाळायची ती याला!

दसऱ्याच्या सकाळी मुलगी आपट्याची पानं आणायला गेली होती. मी स्वयंपाकघरात विळी मांडली, पाय देऊन बसले आणि दोर कापला. वरचं आवरण चरचरत फाटलं, आतले धागे पिवळे पडलेले होते. नारळ खवायला बसावं तशी मी बसले होते आणि रडत होते. सगळ्यांत लांब तुकडा परसात शेवग्यापासून खिडकीच्या गजापर्यंत बांधला आणि त्याच्यावर धुणं वाळत घातलं. दोन्हीकडं गाठी मारल्या, पक्क्या.

मुलगी आली. तिनं परसात बघितलं. बाबांच्या दोरावर तिचीच ओढणी होती. मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेईल. ती खोलीत निघून गेली. दोन दिवस बोललीच नाही.

अध्यक्ष मात्र बोलायला घरी आले. “वहिनी, तुम्ही श्रद्धेवर घाव घातलात. असं करायला नको होतं.”

“श्रद्धा चहा घेईल का?” मी विचारलं. “बसा, टाकते.”

ते बसले नाहीत. जाताना परसाकडं बघून त्यांनी हात जोडले. माझे परकर वाळत होते.

रविवारी मी पहिल्यांदा चढाईला गेले. मंडळानं नवा दोर आणला होता, कारण माझ्या मुलीनं अध्यक्षांना फोन करून सांगितलं होतं, नवा दोर नसेल तर मी येणार नाही. हे तिनं मला गाडीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत. सुळक्याखालच्या वाडीत एक म्हातारी चहा विकते. तिनं मला विचारलं, “बाई, तुमी त्या मेलेल्या सायबाच्या कोन?”

“बायको.”

“मंग आत्ता व्हय आलात?” ती कपात चहा ओतत म्हणाली. “ही समदी दरसाल येत्यात. नारळ फोडत्यात, फोटू काढत्यात. तुमी दिसला न्हाई कधी.”

“नारळ फोडायला आले नाही, आजी. पोरगी वर हाय माझी.” तिच्याशी बोलताना माझीही जीभ वळली.

म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली.

ती चढताना मी बघितलं नाही. घोषणा झाल्या तेव्हा कळलं की पोचले. मग बऱ्याच वेळानं दोराची दोन टोकं खाली आली आणि कातळावर आपटली. उंचावर एक लाल हेल्मेट कडेला आलं. माझा सगळा जीव कानात गोळा झाला होता. इतकी वर्षं जी मंडळी एक साधा शब्द उच्चारत नव्हती, ती सगळी तिथं होती, काही वर, काही माझ्या आजूबाजूला.

“आई!” ती वरून ओरडली. “दोन्ही टोकांना गाठ मारलीय!”

कड्यातून तो आवाज परत आला. अध्यक्ष मान खाली घालून बुटांकडं बघत होते. दहाव्याला रडलेला तो मित्र तिथंच होता. त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं. इतकी वर्षं गप्प राहिल्याबद्दलचा त्याच्यावरचा माझा राग मात्र त्या क्षणी गेला. बिचाऱ्याला एकदाच खरं बोलू दिलं होतं.

ती उतरली. तिच्यामागून बाकीचे उतरले. आता दोर ओढून घ्यायचा, पण त्याआधी टोकाची गाठ सोडावी लागते. एक जण पुढं झाला तेव्हा मुलगी म्हणाली, “थांबा. आई सोडेल.”

मी गाठ हातात घेतली. नव्या दोराची, जाड, सगळ्यांच्या वजनानं नाही, नुसत्या तिच्या हातानं आवळलेली. मला वाटलं होतं फार अवघड असेल. दोनदा बोटं घातली आणि सुटली. बांधायलाही तेवढाच वेळ लागत असणार, डब्याचं फडकं बांधायला लागतो तेवढा.

नवरा गेला त्या दिवशी मी पिठलं करून वाट बघत बसले होते. गाठ मारण्यात तेवढा उशीर झाला असता तर मी चिडले असते, दोन शब्द बोलले असते, आणि पिठलं परत गरम केलं असतं.