मोबाइलचं कपाळ

चार दिवस भुरभुर लागून राहिली होती. पाचव्या दिवशी आभाळ मोकळं झालं आणि सकाळी आठालाच ऊन पाठ भाजायला लागलं. किशनरावांनी गाईची धार काढली, गोठ्यातलं शेण ओढलं, भिजलेली वैरण उन्हात पसरली. मग हात धुतले, पुसले, पुन्हा एकदा धुतले आणि मगच मोबाइल उचलला. नव्या वस्तूला मळक्या हातानं शिवायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

असे नेम त्यांचे पुष्कळ. ताडकळसच्या शिवारात पाच एकर वावर, वय साठीला टेकलेलं, जिभेला तिखट माणूस. पण वस्तूंच्या बाबतीत लय हळवा. घरात आलेली कोणतीही वस्तू पूजेशिवाय कामाला लागायची नाही. पाण्याची मोटार, फवारणीचा पंप, गॅसची शेगडी, सगळ्यांच्या कपाळाला गंध. विजेचं मीटर बदलायला वायरमन आला तेव्हा नारळ फुटेपर्यंत तो बिचारा पेचकस हातात धरून उभा होता. आणि एकदा लावलेलं गंध पुसायचं नाही. फ्रीजवर अकरा वर्षांपूर्वीचं स्वस्तिक अजून तसंच होतं. त्यांच्या बायको, कस्तुराबाई, त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवायच्या.

लेकीनं, राजेश्रीनं, परभणीहून नवा मोबाइल पाठवला तेव्हाही पाट मांडला गेला. गंध लावायचं ते कपाळालाच, हे उघड होतं. पण मोबाइलचं कपाळ कोणतं? किशनरावांनी वस्तू उलटीपालटी करून पाहिली आणि काचेच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध, हरभऱ्याएवढा अष्टगंधाचा टिळा लावला. वर तांदळाचा दाणा. मग त्याच दिवशी नागेशच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन वरून दुसरी काच बसवायला सांगितली. नागेश फडकं घेऊन पुसायला लागला तसा यांनी त्याचा हात धरला.

“गंधाला शिवू नको.”

“काका, काच बसायची न्हाई. फुगा ऱ्हाईल.”

“ऱ्हाऊ दे फुगा. तुझ्या बापाचं काय जातंय?”

तांदळाच्या दाण्यावर तेवढी तडजोड झाली. दाणा निघाला, गंध राहिलं आणि त्याच्यावर काच पक्की चिकटली. किशनराव निघाले तसं नागेशनं सांगितलं, “ह्याचा उजेड आपोआप कमी-जास्त होतो. उन्हात वाढतो, घरात उतरतो. तुमी कुठं बोट घालत बसू नका.” किशनरावांनी बोट घातलं नाही.

पुढचे चार दिवस पावसाचे. घरात, ओसरीवर मोबाइल कसा शांत, नजरेला गार दिसायचा. किशनराव खूश होते.

आज मात्र कामाचा दिवस होता. पीक पाहणीची शेवटची तारीख. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि मोबाइलवरूनच नोंद करायची. नाही केली तर सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा. मागच्या साली किशनरावांची नोंद राहून गेली होती. धुऱ्यापलीकडचा, बांधाला लागून वावर असलेला चुलतभाऊ सिताराम पारावर सगळ्यांसमोर म्हणाला होता, “दादाचं वावर पडीक हाय म्हणं. सरकारच म्हणायलंय.” चाळीस वर्षांत ज्यानं नांगराचं एक तासही पेरल्याविना सोडलं नाही त्याला हे बोलणं काट्यासारखं रुतलं. “औंदा माझ्या हातानं, माझ्या मोबाइलवर नोंद करून दाखवतो,” असं त्यांनी त्याच पारावर सांगून टाकलं. आता ते करून दाखवणं भाग होतं.

अकराच्या सुमाराला ते सोयाबीनमध्ये जाऊन उभे राहिले. कस्तुराबाई मागं, पिशवीत विळा घेऊन; गाय धुऱ्यावर चरायला बांधलेली. मोबाइल सुरू केला आणि त्यात त्यांना एकच गोष्ट दिसली, स्वतःचं तोंड.

“कामून थांबलाव?”

“दिसना काही. तव्याच्या बुडासारखं झालंय.”

किशनराव उन्हाकडं पाठ करून उभे राहिले. मग तोंड करून. मग खाली बसले. टोपीत मोबाइल धरून आत डोकावले. अंदाजानं बोटं मारत गेले आणि टोपीच्या सावलीत वाचलं तर पिकाच्या जागी ‘सुपारी’ आलेली.

“सुपारी?” कस्तुराबाई म्हणाल्या. “आता तेवढंच ऱ्हायलंय. पुसा आधी ते. उद्या तलाठी सुपारी बघायला येतील.”

पुसलं, पण ते करताना टोपीत घाम उतरला. शेवटी कस्तुराबाईंनी आखाड्यावरच्या खोपटातून घोंगडी आणली आणि नवऱ्याच्या अंगावर टाकली. घोंगडीच्या अंधारात अक्षरं दिसली. किशनरावांनी ‘सोयाबीन’ निवडलं आणि आतूनच आरोळी दिली, “जमलं.” पण फोटो घोंगडीच्या आतून कसा निघणार? मोबाइल बाहेर काढला की काही दिसेना, आत घेतला की घोंगडीचाच फोटो. त्यांनी एक हात बाहेर काढून अंदाजानं बटण दाबलं, आत घेऊन पाहिलं, तर कस्तुराबाईंचा पाय. दुसऱ्यांदा गाईची शेपटी. तिसऱ्यांदा पुन्हा पाय.

“सरक ना बाजूला.”

“कुठं सरकू? तुमी जिकडं फिरता तिकडंच मी हाय. घोंगडी कोण धरील?”

रस्त्यानं मोटारसायकलवर चाललेले गावातले दिनकरराव थांबले. “किशनरावला हिवताप भरला का वैनी?”

“न्हाई, पीक पाहणी करायलेत.”

दिनकररावांनी थोडा विचार केला आणि गाडी पुढं काढली.

तेवढ्यात सिताराम धुरा ओलांडून आला. त्याची नोंद चार दिवसांमागंच झालेली. “काय दादा, वावरात झोपायलाव का?”

“तुझं काम कर.”

“माझ्या मोबाइलात करू की. दोन मिंटाचं काम हाय.”

घोंगडी थरथरली. “तुझ्या मोबाइलला मी शिवणार न्हाई.”

सिताराम कस्तुराबाईंकडं बघून हसला आणि दाखवायचं म्हणून स्वतःचा मोबाइल घेऊन घोंगडीत घुसला. दोन म्हातारे एका घोंगडीत. कस्तुराबाई वाकून बघत होत्या. सितारामचा मोबाइल आत गेला तसा मंद झाला, बाहेर आला तसा लख्ख झाला. त्यांच्या नवऱ्याचा मात्र आत-बाहेर सारखाच.

“भावजी, द्या तुमचा इकडं.”

त्यांनी सितारामचा मोबाइल उन्हात धरला आणि काचेच्या वरच्या कडेवरून अंगठा सरकवत नेला. कडेच्या मधोमध अंगठा आला आणि क्षणभरानं उजेड विझल्यागत उतरला. अंगठा काढला, उजेड आला. पुन्हा ठेवला, पुन्हा उतरला.

“आवं, बाहेर या. डोळा हाय ह्याला हितं. उजेड बघायचा डोळा.”

किशनराव घामानं न्हालेले बाहेर आले. त्यांनी पाहिलं. मग स्वतःच्या मोबाइलकडं पाहिलं. त्याच जागी, काचेखाली, अष्टगंध.

“तुमी त्याचा डोळाच लिंपलाय,” कस्तुराबाई म्हणाल्या. “त्याला वाटायलंय रात हाय. कशाला उजेड करील ते?”

सिताराम धुऱ्यावर बसून हसायला लागला. किशनराव हसले नाहीत. सूर्य माथ्यावर आला होता, तारीख आजचीच होती आणि बोटाखाली गंध होतं.

“काढायचं म्हणतीस?”

“देवाच्या डोळ्यात गंध घालता का तुमी? भुवयांच्या मधी लावता. हे चुकून डोळ्यात गेलंय.”

“मग पुन्हा लावायचं कुठं?”

“पाठीला लावा.”

किशनरावांनी मोबाइल उलटा केला. “पाठीला तीन डोळे हायत ह्याच्या.” त्यांचा आवाज खरंच रडवेला झाला होता. “सगळं अंगभर डोळेच. कपाळ न्हाईच ह्याला.”

“मग कव्हराला लावा. कपडे घातलेल्या माणसाला बी टिळा लावतोच की आपण.”

हे त्यांना पटलं. पण स्वतःच्या हातानं काढायची हिंमत झाली नाही. मोबाइल त्यांनी कस्तुराबाईंच्या हातात दिला आणि तोंड फिरवून उभे राहिले. बाईंनी विळ्याचं टोक नागेशनं बसवलेल्या वरच्या काचेच्या कडेला घातलं. कच्‌ असा आवाज झाला, काच आडवी तडकली आणि गंधासकट निघून आली. राहिलेला डाग त्यांनी पदरानं पुसला.

मोबाइल असा उजळला की किशनरावांनी डोळे बारीक केले.

मग फोटो आला. शेंगा लगडलेलं सोयाबीन, पानापानानं स्पष्ट, कोणाचा पाय नाही. किशनरावांनी एकेक अक्षर वाचत शेवटचं बटण दाबलं. थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि नोंद झाल्याची पाटी आली.

त्यांनी मोबाइल सितारामपुढं धरला. “वाच.”

“नोंद झाली म्हणायलंय.”

“पीक कोणतं म्हणायलंय?”

“सोयाबीन.”

“मोठ्यानं. संध्याकाळी पारावर वाचायचंय तुला, आवाज बसता कामा नये.”

सितारामनं मोठ्यानं वाचलं. पलीकडच्या वावरात निंदणाऱ्या बायांनी मान वर करून पाहिलं.

किशनरावांनी मोबाइल रुमालात गुंडाळून कस्तुराबाईंच्या पिशवीत ठेवला. विळा उचलला, धार बोटानं चाचपली. काचेनं टोक जरा बोथटलं होतं. दगडावर दोनदा घासून घेतलं आणि गाईसाठी धुऱ्यावरचं गवत कापायला ते खाली बसले.