इंदूबाईंची मालिका होते तेव्हा

नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या ले-आउट वसाहतीत इंजिनिअर पैशाला पासरी आहेत. मिहानच्या आयटी पार्कला जाणारी कंपनीची बस निम्मी इथेच भरते. त्यामुळे शेजारच्या इंदूबाईंच्या रोशनीनं असली नोकरी सोडून टीव्ही मालिका लिहायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांना मनापासून आनंद झाला. चला, आपली पोरं तरी त्या वळणाला गेली नाहीत.

मला मात्र तिचं कौतुक होतं. पोरीकडे गोष्ट होती, आणि ती घरातच राहत होती. इंदूबाईंचं गांधीबागेत ब्लाउजपीसचं छोटं दुकान आहे. नवरा गेला त्याच वर्षी दीर दोनचार माणसं घेऊन दुकानाचा ताबा घ्यायला आला. बघायला बाजार जमला. इंदूबाईंनी ना हातातली कात्री खाली ठेवली, ना आवाज चढवला.

"भाऊजी, जरा पायरी सोडा. गिऱ्हाईक खोळंबून राहिलं," एवढंच म्हणाल्या. दीर जो उतरला तो पुन्हा फिरकला नाही.

"मालिकेतली हिरोईन म्हणजे तूच वं आई, अन् ते तुह्यासारखीच बोलन," रोशनीनं शब्द दिला. इंदूबाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त अख्ख्या गांधीबागेला सांगून आल्या.

मुंबईच्या चॅनेलला गोष्ट आवडली. आवडली म्हणजे तिचं डेव्हलपमेंट सुरू झालं. या धंद्यात डेव्हलपमेंट म्हणजे गोष्टीत जे असेल ते एकेक करून काढायचं, आणि शेवटी गोष्ट कुठे गेली म्हणून लेखकाकडे बघायचं. हे काम अदिती नावाच्या बाई बघत. त्यांना नागपूर फार हवं होतं, म्हणून ब्लाउजपीसच्या दुकानात संत्र्यांची टोपली आली.

"मॅडम, हे दृश्य मे महिन्यातलं आहे, तेव्हा संत्री नसतात," रोशनी म्हणाली.

"असू दे गं. प्रेक्षकाला शहर कळायला हवं."

शहर दिसायला हवं होतं, ऐकू यायला नको होतं. ही बोली कानाला विनोदी लागते, तेव्हा नायिका प्रमाण मराठीत बोलेल आणि बोली मोलकरणीला देऊ, असं ठरलं. ब्लाउजपीस विकणाऱ्या बाईच्या घरी मोलकरीण कुठून आली, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर दुसरा लेखक तयारच होता.

रोशनीनं मान डोलावली. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला.

"काका, मोलकरणीच्या तोंडी का होईना, आईचं वाक्य तं वाचलं नं," ती म्हणाली. तिचाही त्यावर फारसा विश्वास दिसत नव्हता.

पहिला भाग पाहायला अर्धा ले-आउट इंदूबाईंच्या बैठकीत दाटीवाटीनं बसला. नायिका भरजरी साडीत आली, दिरापुढे हात जोडून रडली, आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरत राहिला. मग मोलकरीण फडकं झटकत पुढे झाली आणि इंदूबाईंचं वाक्य म्हणाली. मागून गमतीचं संगीत वाजलं. सगळे खो खो हसले. इंदूबाई हसल्या नाहीत.

लोक पांगले. मी चप्पल शोधत रेंगाळलो होतो.

"रोशनी, ते मोलकरीण बरी हाय वं," इंदूबाई म्हणाल्या. "तिले काढू नको."

रोशनी म्हणाली, "पुढच्या हप्त्यात तिले गावाले पाठवलं आई. शूटिंगबी झालं. हिरोईनपेक्षा तेच लक्षात राहते म्हणे."

"गावाले?" इंदूबाईंनी टीव्ही बंद केला. "तिचं कोण हाय तिथं?"

चॅनेलनं हे विचारलंच नव्हतं, म्हणून रोशनीनं ते लिहिलं नव्हतं.